शेताची आखणी व वृक्षयोजना

घर बांधावयाचे झाल्यास आपण प्रथम जागा पाहतो, दिशा पाहतो, नकाशा काढतो आणि मगच पाया खणतो. शेतात झाडे लावताना मात्र बहुधा याच्या उलट घडते. पावसाळ्याच्या तोंडावर कोठून तरी रोपे आणली जातात, मोकळी जागा दिसेल तेथे लावली जातात आणि पुढील उन्हाळ्यात त्यांतील पुष्कळशी वाळून जातात. दोष रोपांचा नसतो. त्यांची जागा ठरविण्यापूर्वी जमिनीचा विचारच झालेला नसतो. शेताची आखणी करताना आधी पाणी, मग माती व शेवटी झाड, हा क्रम पाळावयास हवा. तो का, हे आपण आपल्या माळव्याच्या उदाहरणाने पाहू.

इंदूरच्या परिसरात वर्षास सरासरी ९० ते १०० सेंटिमीटर पाऊस पडतो. एका एकरावर १ सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४०,००० लिटर पाणी मिळते. ९० सेंटिमीटरचा हिशेब केल्यास ते सुमारे ३६ लक्ष लिटर भरते. परंतु हे दान बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पदरात पडते. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या सरींचे पाणी त्या भेगांतून खोल जाते. पुढे माती फुगून भेगा मिटतात आणि नंतरचे पाणी वरच्या वर वाहू लागते. जाताना ते मातीचा सुपीक थरही घेऊन जाते. पावलोपावली पाणी असल्याची ज्या माळव्याची ख्याती, त्याच माळव्यातील देवास शहराला १९९० साली इंदूरहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

म्हणून पहिले काम म्हणजे पाण्याची वाट ओळखणे. जोराच्या पावसात शेतात उभे राहून पाणी कोठून येते, कोठे थांबते व कोठून बाहेर पडते, हे पाहावे. त्यानंतर समपातळी रेषा आखावी. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू वरच्या टोकाशी बांधून, मध्ये आडवी काठी लावून चौकट करावी व वरून दोरीस दगड बांधून ओळंबा सोडावा. चौकट एकदा उभी करून दोरी आडव्या काठीला जेथे लागते तेथे खूण करावी. मग त्याच दोन बिंदूंवर पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य ही खरी समपातळीची खूण होय. ओळंबा तेथे येईल अशा बेताने चौकट पुढे पुढे सरकवीत गेल्यास रेषा आपोआप मिळते. या रेषेवर बांध घातला म्हणजे धावते पाणी चालू लागते.

परंतु काळ्या जमिनीत पाणी नुसते अडवून भागत नाही. ते तुंबल्यास सोयाबीनसारखे खरिपाचे पीक पिवळे पडते. यासाठी प्रत्येक बांधाला दगडांचा सांडवा ठेवावा व पाणी जाण्याच्या वाटेवर हरळी वाढू द्यावी. बांधावर वाळा लावल्यास त्याची खोल मुळे माती घट्ट धरून ठेवतात.

आता झाडांकडे वळू. उन्हाळ्यातील उष्ण वारे आपल्याकडे मुख्यतः पश्चिमेकडून येतात. म्हणून वाराविरोधी रांग पश्चिमेच्या सीमेवर असावी. ही रांग भिंतीसारखी गच्च नसावी. थोडा वारा आरपार जाऊ देणारी रांगच अधिक उपयोगी; गच्च अडथळ्यामागे वाऱ्याचे भोवरे उठतात. अशा रांगेचा आधार तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी पोहोचतो. म्हणजे ६ मीटर उंच झाडे ६० मीटरपर्यंतच्या पिकाचे रक्षण करतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असल्याने सावली उत्तरेस पडते. त्यामुळे कडुनिंब, करंज, शिसव असे मोठे वृक्ष उत्तरेस व पश्चिमेस लावावे, आणि दक्षिणेस सीताफळ, बोर यांसारखी ठेंगणी झाडे ठेवावी, म्हणजे गव्हाचे ऊन अडत नाही. मात्र उत्तरेची सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडू शकते. तेव्हा आधी त्याच्याशी बोलून घ्यावे. चांगली आखणी बांधापाशी संपत नाही.

मातीची काळजी घेण्याचा एक धडा तर आपल्या इंदूर नगरीनेच जगास दिला आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील वनस्पती संशोधन संस्थेत काम करीत असता काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत सिद्ध केली. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ती आजही ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. बांधावरच्या झाडांचा पालापाचोळा जाळून न टाकता अशा खतात घातला, तर झाडाने खोलवरून वर आणलेले सत्त्व पुन्हा शेतास मिळते.

उरते ते जास्तीचे पाणी. देवास जिल्ह्यात २००६ सालापासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा काही भाग देऊन शेततळी खोदली. या तळ्यांना ‘रेवासागर’ असे नाव मिळाले आणि पुढे त्यांची संख्या हजारोंवर गेली. पिकाखालची जमीन तळ्यास देणे प्रथम तोट्याचे वाटले असेल; पण ज्या शेतात रब्बीस पाणी नव्हते, तेथे उरलेल्या जमिनीवर दुसरे पीक उभे राहिले. आगगाडीने पाणी मागविणाऱ्या जिल्ह्याने आपले पाणी आपल्याच शिवारात शोधले, हे त्यातील मर्म.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुट्टीत आपल्या किंवा आप्तांच्या एखाद्या शेताचा नकाशा काढा. त्यात उतार, पाण्याची वाट, वाऱ्याची दिशा व सावली दाखवा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून जुन्या विहिरी, नाले व तोडलेली झाडे यांच्याही खुणा करा. एवढे झाल्यावर नवे रोप कोठे लावावे, हा प्रश्न फारसा अवघड राहणार नाही. आणि आपण लावलेले झाड दुसऱ्या उन्हाळ्यातही हिरवे दिसेल.