बंद दारापुढील सत्याग्रह

गंगापूर रोडने नाशिक शहरात यावे आणि गोदावरीचे पात्र ओलांडावे, म्हणजे पंचवटी लागते. तेथे काळ्या पाषाणाचे श्रीकाळारामाचे भव्य मंदिर उभे आहे. त्याच्या आवाराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. एके काळी या दरवाजांतून आत जाण्यास अस्पृश्य मानलेल्या बांधवांना सक्त मज्जाव होता. ज्या देवाला सर्वजण आपला म्हणत, त्याच्याच दारातून माणसांना परत फिरावे लागे!

या अन्यायाविरुद्ध २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहास प्रारंभ झाला. नाशिक जिल्ह्याचे सुपुत्र भाऊराव गायकवाड हे त्याचे एक प्रमुख संघटक होते. पुढे हेच कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हणून ख्याती पावले. त्या दिवशी सुमारे १५ हजार लोकांची, जवळजवळ मैलभर लांबीची मिरवणूक शिस्तीने मंदिराकडे निघाली. पाहतात तो दरवाजे बंद! तेव्हा कोठेही दंगा न करता लोक गोदावरीच्या घाटावर गेले व तेथे सभा भरली.

केवळ मंदिरात गेल्याने आपली सारी दुःखे दूर होणार नाहीत, हे बाबासाहेबांनी अनुयायांना स्पष्टपणे सांगितले होते. मग हा खटाटोप कशासाठी? समाज आपणांस माणूस मानतो की नाही, याची ती कसोटी होती.

दुसऱ्या दिवशी सत्याग्रही दरवाजांपुढे ठाण मांडून बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. एप्रिल महिन्यात रथोत्सव आला. दोन्ही पक्षांच्या तरुणांनी मिळून रथ ओढावा, अशी तडजोड ठरली. परंतु ऐन वेळी ती मोडली आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. तरीही त्यांचा निर्धार ढळला नाही. लढा पाच वर्षे चालला. दार मात्र उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथील परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराचा निश्चय जाहीर केला.

मग हा सत्याग्रह व्यर्थ गेला काय? इंग्लंडच्या इतिहासात याचे उत्तर सापडते. मँचेस्टर शहरास पार्लमेंटात स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. तो मिळावा, म्हणून १६ ऑगस्ट १८१९ रोजी तेथील मैदानावर हजारो कामकरी स्त्रीपुरुष शांतपणे जमले. त्यांच्यावर घोडेस्वार घालण्यात आले. कित्येकांचे प्राण गेले. त्या दिवशी त्यांच्या पदरी काहीच पडले नाही. परंतु १८३२ च्या सुधारणा कायद्याने मँचेस्टरला दोन प्रतिनिधी मिळाले. सामान्य कामगारांना मताच्या हक्कासाठी मात्र आणखी कित्येक वर्षे झगडावे लागले.

नाशिकच्या लढ्यालाही फळ उशिराच आले. १९४७ साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर! ज्यांच्यापुढे एक दार बंद झाले होते, त्यांनीच साऱ्या देशाची दारे उघडण्यास हातभार लावला.

इतिहासात नेत्यांची नावे राहतात. उन्हात दाराशी बसणाऱ्यांची राहतातच असे नाही. मुलांनो, काळारामाचा उंबरठा ओलांडताना तुम्ही क्षणभर थांबलात, तर त्या अनाम सत्याग्रहींनाही ते वंदनच होईल.