उशीर का झाला?

जुन्या नाशिकमधील एका उर्दू शाळेत सातवीत एक मुलगी शिकत होती. ती हुशार होती. पण रोज उशिरा यायची. वर्गात तिला डुलकी लागायची.

एके दिवशी मराठीच्या बाईंनी तिला मधल्या सुट्टीत बोलावले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "बाळ, सकाळी घरी काय काय करतेस?"

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, अब्बा वारले. अम्मीला अर्धांगवायू झाला आहे. मी पाणी भरते. अम्मीला उठवून बसवते, चहा-पाव भरवते, औषध देते. धाकट्या भावाला तयार करते. रात्री अम्मीची कूस बदलायला उठते."

"मग आधी का सांगितले नाहीस?"

"कोणी विचारलेच नाही. शिवाय आम्हांला कोणी अम्मीपासून दूर नेले तर?"

"घाबरू नकोस. तू अम्मीजवळच राहशील," बाई म्हणाल्या.

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, हजेरीपत्रकात गैरहजेरी दिसते, कारण दिसत नाही. ४ जुलै २०१५ रोजी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली. पण अशा मुलांची नावे शाळेत असतात. म्हणून ती त्या मोजणीत येत नाहीत."

सर म्हणाले, "इतर देशांतही असेच होते. इंग्लंडमध्ये २०२१ च्या जनगणनेत घरच्या आजारी माणसांची सेवा करणारी ५ ते १७ वर्षांची सुमारे १ लाख २० हजार मुले आढळली. २०२३ मध्ये शाळांकडून प्रथमच अशी माहिती मागवली. तेव्हा सुमारे ३९ हजारच नोंदली गेली. बहुतेक शाळांनी एकही मूल कळवले नाही."

"म्हणजे मुले होती, शाळांना ती दिसली नाहीत!"

मग प्रत्येक वर्गशिक्षकाने मुलांशी एकेकट्याने बोलायचे ठरले. नावे वर्गात वाचायची नाहीत, असेही ठरले. आणखी पाच मुले आढळली. त्यांतला एक मुलगा आंधळ्या आजोबांना सांभाळत होता.

शेजारच्या खाला सकाळी तासभर अम्मीजवळ बसू लागल्या. बाईंनी मामूंना मदत करून बालसंगोपन योजनेचा अर्ज महिला व बालविकास कार्यालयात दिला. मंजुरीला वेळ लागणार होता. मुलीचे काम संपले नव्हते. पण आता ती एकटी नव्हती.

अजूनही तिला कधी कधी उशीर होतो. पण बाई आता "उशीर का झाला?" असे विचारत नाहीत. त्या विचारतात, "अम्मींची तब्येत कशी आहे?"

शब्दार्थ
अर्धांगवायू – लकवा
हजेरीपत्रक – हजेरीची वही
शाळाबाह्य – शाळेत न जाणारा
संगोपन – पालनपोषण

स्वाध्याय
१. मुलीने घरची अडचण आधी का सांगितली नाही?
२. शाळाबाह्य मुलांच्या मोजणीत अशी मुले का येत नाहीत?
३. मुलांची नावे वर्गात का वाचायची नाहीत? तुमचे मत लिहा.