पाणी आणि त्याचे पात्र

पाण्याला स्वतःचा आकार नाही. घागरीत भरले, तर ते घागरीचा आकार घेते. तांब्यात ओतले, तर तांब्याचा. ही गोष्ट तुम्ही खालच्या इयत्तेतच शिकला आहात. परंतु पाणी आपल्या पात्रापासून आकाराखेरीज आणखीही काही घेत असते. नव्या माठातील पाण्यास मातीचा गंध येतो. लोखंडी नळात रात्रभर थांबलेले पाणी सकाळी तांबूस होऊन बाहेर पडते. जे जे पाण्याच्या सहवासात येते, त्याचा थोडा तरी अंश पाणी आपल्यात सामावून घेते. म्हणून पिण्याचे पाणी हाती घेताना दोन प्रश्न विचारावेत : हे पाणी कोठून आले? आणि ते कशात ठेवले होते?

आज एस. टी.च्या स्थानकावर, रेल्वेच्या फलाटावर, लग्नाच्या मांडवात, जेथे पाहावे तेथे प्लॅस्टिकच्या बाटलीतील पाणी दिसते. लोक ते विकत घेतात, त्यास कारणही तसेच आहे. पटकी, विषमज्वर, अतिसार, कावीळ असे अनेक रोग दूषित पाण्यातून पसरतात. अनोळखी गावी नळाच्या पाण्याची खात्री वाटत नाही. मोहोरबंद बाटलीची वाटते. १९६५ साली मुंबईत ‘बिसलेरी’ नावाचे पाणी बाटलीतून विकावयास आले, तेव्हा ती बाटली काचेची होती. काच जड आणि ठिसूळ. पुढे १९७३ साली अमेरिकेत नॅथानिएल वायेथ यांनी ‘पेट’ नावाच्या हलक्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे एकस्व मिळविले. ही बाटली पडली तरी फुटत नाही आणि स्वस्तात तयार होते. तिच्यामुळे बाटलीतले पाणी गावोगाव पोहोचले.

आता आपला पहिला प्रश्न विचारू या. हे पाणी येते कोठून? बाटलीवर डोंगराचे व झऱ्याचे चित्र असले, तरी आतील पाणी डोंगरातलेच असते असे नाही. कायद्याने या पाण्याचे दोन प्रकार मानले आहेत. झऱ्यातून किंवा भूगर्भातून काढलेले, ज्यातील खनिजे निसर्गतःच आलेली असतात, ते ‘नैसर्गिक खनिज जल’. दुसरे साधे ‘पॅकबंद पिण्याचे पाणी’. ते पुष्कळदा कूपनलिकेचे वा नळाचे पाणी यंत्राने गाळून व निर्जंतुक करून भरलेले असते. दुकानांत बहुधा हा दुसराच प्रकार मिळतो. लोक मात्र दोहोंनाही ‘मिनरल वॉटर’ असेच म्हणतात.

पाणी जमिनीतून उपसले, म्हणजे जमिनीत जे मुरले असेल तेही त्याबरोबर येऊ शकते. २००३ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने दिल्ली व मुंबई येथे विकल्या जाणाऱ्या बाटल्यांतील पाणी तपासले. त्यांतील बहुतेक नमुन्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले. पाणी दिसावयास नितळ होते. त्याला वास नव्हता, चव बिघडली नव्हती. शेतांवर फवारलेली औषधे पावसाबरोबर जमिनीत झिरपतात, हे त्यामागील एक कारण होय. या तपासणीने देशभर चर्चा झाली आणि शासनाने या पाण्याचे नियम अधिक कडक केले. २०२४ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पॅकबंद पाण्याचा समावेश अधिक जोखमीच्या अन्नपदार्थांत केला. अशा पदार्थांच्या कारखान्यांची तपासणी अधिक काटेकोरपणे करावी लागते.

दुसरा प्रश्न पात्राचा. प्लॅस्टिक टणक दिसते, पण त्याचे अतिशय सूक्ष्म कण झिजून सुटत असतात. झाकण फिरविताना आणि बाटली दाबताना ते पाण्यात मिसळतात. काही कण तर पाणी गाळणाऱ्या यंत्रांतूनच येतात. २०१८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ९ देशांतून आणलेल्या २५९ बाटल्या तपासल्या. शंभरांतील ९३ बाटल्यांत, या प्रमाणात, प्लॅस्टिकचे कण मिळाले. पुढे २०२४ साली, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान कण मोजण्याची नवी रीत शोधून, अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी बाटलीतील पाणी पुन्हा पाहिले. तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २,४०,००० कण आढळले!

हा आकडा वाचून भय वाटणे साहजिक आहे. पण शास्त्राचा विद्यार्थी भयाने निष्कर्ष काढीत नाही. हे कण शरीरात गेल्याने नेमके काय घडते, याचा अभ्यास अद्याप चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सांगितले की, पाण्यातील या कणांनी अपाय होतो असा ठोस पुरावा हाती नाही, परंतु अधिक संशोधन झाले पाहिजे. तेव्हा बाटलीतले पाणी विष आहे असे म्हणणे चूक. आणि ते मोहोरबंद आहे म्हणून निर्मळच आहे, असे म्हणणेही तितकेच चूक.

उष्णतेविषयी मात्र एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. ‘पेट’ प्लॅस्टिक तयार करताना अँटिमनी नावाचे मूलद्रव्य वापरतात. त्याचा अगदी अल्प अंश पाण्यात उतरतो. एरवी तो मर्यादेच्या आत असतो. परंतु बाटली तापली, म्हणजे तो वाढतो. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत वा दुकानाबाहेर उन्हात तापत पडलेल्या बाटलीतील पाणी टाळावे. एकदा वापरण्यासाठी केलेली बाटली महिनोन् महिने भरून वापरू नये आणि तिच्यात गरम पाणी कधीही ओतू नये. विकत घेण्याची वेळ आली, तर मोहोर, तारीख आणि १४ आकडी परवाना क्रमांक पाहून घ्यावा. रिकामी बाटली चुरगळून टाकावी, म्हणजे कोणी ती पुन्हा भरून विकणार नाही. ज्या मोठ्या जारवर मोहोर नाही आणि क्रमांकही नाही, त्यातील पाणी कोठून आले हे जाणण्याचा मार्गच नसतो.

मग विहिरीचे पाणी तसेच प्यावे काय? मुळीच नाही. प्लॅस्टिकच्या कणांचा अपाय अजून पुरता सिद्ध व्हावयाचा आहे. जंतूंचा अपाय केव्हाच सिद्ध झालेला आहे. महापुरात विहिरी बुडतात, नळ बंद पडतात, त्या वेळी बाटलीतले पाणी लोकांचे प्राण वाचविते. दुसरा मार्ग नसेल, तर बाटली अवश्य घ्यावी. पण रोजच्या जीवनात दुसरे मार्ग असतात, आणि ते सोपे आहेत.

पहिला मार्ग गाळण्याचा. बांगला देशातील ६५ खेड्यांत शास्त्रज्ञांनी बायकांना जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळावयास शिकविले. तेथे पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या आजीचे गाळणे हे अज्ञान नव्हते! तथापि केवळ गाळण्याने सारे जंतू जात नाहीत. म्हणून दुसरा मार्ग उकळण्याचा. पाण्यास खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट ते तसेच राहू द्यावे आणि झाकूनच निववावे. सरपणाची वा गॅसची अडचण असेल, तर आरोग्य केंद्रात सांगतील त्या प्रमाणात क्लोरीनचे औषध घालून अर्धा तास थांबावे.

उकळण्यालाही मर्यादा आहे. त्याने जंतू मरतात. पाण्यात विरघळलेले क्षार जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड अधिक आहे, त्यामुळे दात व हाडे बिघडतात. तेथे पाण्याचा उगमच बदलावा लागतो किंवा आर. ओ. यंत्र वापरावे लागते. हे यंत्र क्षार काढते, पण पुष्कळ पाणी वाया घालविते आणि उपयुक्त खनिजेही काढून टाकते. म्हणून आधी पाणी तपासून घ्यावे आणि मग उपाय ठरवावा.

शुद्ध केलेले पाणी ठेवावे कशात? माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपून त्याची वाफ होते आणि आतील पाणी गार राहते. माठ जंतू मारीत नाही. म्हणून तो वरचेवर घासून धुवावा, झाकून ठेवावा आणि आत हात वा पेला न बुडविता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्यावे. तांब्याच्या भांड्याचा गुण निराळा. बंगळूरच्या संशोधकांनी जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यांत १६ तास ठेवले, तेव्हा अतिसाराचे जंतू त्यात जिवंत उरले नाहीत. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. मात्र तांब्यात ताक, लिंबाचे सरबत असे आंबट पदार्थ ठेवू नयेत, कारण आंबटाने तांबे विरघळते. शाळेत नेण्यासाठी स्टीलची बाटली उत्तम. पण तिचे तोंड व झाकण रोज घासावे, नाहीतर तेथे बुळबुळीत थर जमतो.

आणखी एक विचार मनात धरण्यासारखा आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे, तो पाणी विकत घेईल. ज्याच्याजवळ नाही, त्याने काय करावे? गावातील सुखवस्तू माणसे बाटलीकडे वळली, म्हणजे नळाला गढूळ पाणी आले तरी तक्रार करावयास कोणी उरत नाही. आणि ते पाणी गरिबांच्या मुलांस प्यावे लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याकाठी पाणपोई घालण्याची चाल आहे. तेथे तहानलेल्यास जात वा पैसा विचारावयाचा नसतो. सिक्कीममधील लाचेन या लहानशा गावाने २०१२ साली बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली. २०२२ पासून साऱ्या राज्यानेच तो मार्ग धरला. अशी बंदी शोभते ती तेथेच, जेथे प्रत्येकास दुसरे निर्मळ पाणी मिळते.

आपल्या गावी पाण्यात औषध टाकण्यासाठी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो. शहरात हे काम नगरपालिका करते. शाळेची टाकी केव्हा धुतली, पाणी केव्हा तपासले, हे नम्रपणे विचारण्याचा अधिकार तुम्हांसही आहे. घरातील माठ जसा आपला, तसा गावाचा नळही आपलाच. गाव हेही एक मोठे पात्रच होय. ते स्वच्छ राहिले, तर त्यातील पाणी सर्वांना पुरेल आणि सर्वांना मानवेल.

स्वाध्याय

१. पुढील शब्दांचे अर्थ सांगा : पटकी, विषमज्वर, एकस्व, मोहोरबंद, ओगराळे, पाणपोई.
२. नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही, हे धड्यातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. कारणे द्या : (अ) बाटली उन्हात ठेवू नये. (आ) तांब्याच्या भांड्यात ताक ठेवू नये. (इ) रिकामी बाटली चुरगळून टाकावी.
४. ‘गाव हेही एक मोठे पात्रच होय’ या वाक्यातील आशय आपल्या शब्दांत लिहा.
५. आपल्या शाळेतील पिण्याचे पाणी कोठून येते व कशात साठविले जाते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.