आजीच्या आठवणींचा पाठ : लक्ष्मीबाई टिळक



या अंकातील पाठ एका आजीविषयी आहे. त्यांचे नाव लक्ष्मीबाई टिळक. 'कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी' ही त्यांची ओळख सर्वांना असते. पण त्या एका मोठ्या कुटुंबाची आजी होत्या आणि आपल्या आठवणी त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या. त्यामुळेच आज आपण त्यांना भेटू शकतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गावी गोखले घराण्यात झाला. माहेरी सोवळ्या-ओवळ्याचा अतिरेक होता. बाजारातून आलेली वस्तूसुद्धा धुतल्याशिवाय घरात घेत नसत. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. लिहिणे-वाचणे लग्नानंतर पतीनेच शिकवले.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर जणू आभाळ कोसळले. लहानग्या मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक-पाणी वेगळेच ठेवीत. हळूहळू त्यांच्या मनाने घेतले की जातिभेद हा देवाने नव्हे, माणसाने केलेला आहे. मग त्यांनी कोणाच्याही हातचे अन्न-पाणी घेण्यास सुरुवात केली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय दुसऱ्या कोणी लादलेला नव्हता. त्यांनी स्वतः विचार करून घेतलेला होता.

त्यांची भक्ती केवळ चर्चमधल्या उपासनेपुरती नव्हती. अहमदनगरच्या वास्तव्यात त्यांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. पोरक्या मुलांना घरात आसरा दिला. टिळक घरखर्चाचे पैसे गरजूंना देऊन टाकीत आणि चूल पेटवायची काळजी लक्ष्मीबाईंना असे. बालकवी ठोंबरे या घरात मुलासारखे राहिले आहेत. १९१९ साली टिळक गेले. त्यांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय रचून ते पुढे नेले. शाळेत न गेलेल्या बाईंचे हे काम!

आता मुख्य मुद्दा. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक जन्माला कसे आले? मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी माहिती गोळा करीत होता. त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आईने लिहिले आणि मराठीला एक श्रेष्ठ आत्मचरित्र मिळाले. पहिला भाग १९३४ साली निघाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचे निधन झाले. राहिलेले काम मुलाने पूर्ण केले. पुढे नातू अशोक टिळक यांनी या पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती संपादित केली. म्हणजे मुलाने विचारले, आईने सांगितले, नातवाने सांभाळले. तीन पिढ्यांचे हे काम आहे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे आम्ही महादेवी वर्मांची 'अतीत के चलचित्र' आणि 'स्मृति की रेखाएँ' ही पुस्तके आवडीने वाचली. पुढे 'स्मृतिचित्रे' हाती आले तेव्हा दिसले की हे त्यांच्याही आधीचे आहे. महादेवींची भाषा घडवलेली, संस्कृतप्रचुर आहे. लक्ष्मीबाई ओसरीवर बसून बोलावे तसे लिहितात. भांडणे झाकत नाहीत, स्वतःवर हसतात, रागाच्या जागी राग आणि मायेच्या जागी माया ठेवतात.

आपल्या हैदराबादेत हा पाठ का हवा? इथल्या मराठी घरांत धर्म, पंथ, व्यवसाय वेगवेगळे आहेत. कुणाची आजी देवळात जाते, कुणाची चर्चमध्ये. पण १९४८ ची पोलीस कारवाई किंवा १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यापासून वेगळा झाला तो काळ स्वतः पाहिलेल्या आज्या आता थकल्या आहेत. त्यांच्या मराठीत उर्दू आणि तेलुगू शब्द कसे मिसळले, मोंढ्यात काय मिळे, नातेवाईक एका दिवसात दुसऱ्या राज्याचे कसे झाले, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडणार नाही. ते फक्त त्यांच्याजवळ आहे, आणि आपण विचारले नाही तर त्यांच्याबरोबर जाईल.

शब्दार्थ : सोवळे – धार्मिक शुद्धतेचे नियम. ओसरी – घराचा पुढचा, बसण्या-उठण्याचा भाग. ओवी – जुन्या मराठी काव्याचा एक प्रकार. मोंढा – धान्याचा घाऊक बाजार.

स्वाध्याय
१. आजीला किंवा घरातील ज्येष्ठांना पाच प्रश्न विचारा : गाव, शाळा, लग्न, हैदराबादेत येणे, देवधर्म.
२. त्या जसे बोलतात तसेच लिहा. शब्द 'सुधारू' नका.
३. साल आठवत नसेल तर 'तेव्हा कोण किती वर्षांचे होते' ते विचारा, हिशेब लागतो.
४. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. एखादी गोष्ट कागदावर नको म्हणाल्या तर ती गाळा.

पालकांना विनंती की दिवाळीच्या सुटीत मुलांना यासाठी रोज अर्धा तास मोकळा ठेवावा. विश्वस्त मंडळींनीही आपल्या घरच्या आठवणी द्याव्यात. वह्या वर्गशिक्षकांकडे जमा करा. त्या शाळेच्या ग्रंथालयात एका वेगळ्या कपाटात जतन केल्या जातील.