एकाच पाण्याची तीन कामे

आपला माण तालुका सातारा जिल्ह्यात आहे. महाबळेश्वरही आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथे वर्षाला ५००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे फक्त सुमारे ५०० मिलिमीटर पडतो. पावसाचे ढग पश्चिमेकडून येतात, सह्याद्रीला अडतात आणि तिकडेच रिकामे होतात. म्हणून आपल्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. हे गुरुजींनी नकाशावर दाखवले.

मागच्या उन्हाळ्यात गावात तीन दिवसांनी टँकर यायचा. एकदा माझ्या हातून भरलेली कळशी सांडली. आई काहीच बोलली नाही. ती पुन्हा मळ्यातल्या विहिरीवर गेली आणि अंधार पडल्यावर आली. मला फार वाईट वाटले. आजी १९७२ च्या दुष्काळात माझ्याएवढी होती. ती म्हणाली, "बाहत्तरला आमी झऱ्यातनं वाटीवाटीनं पानी भरलंय. पानी वतताना हात थरथरला पायजे."

मग मी लिटरचे माप घेऊन आमच्या घरचे पाणी मोजले. आम्ही घरात पाच माणसे आहोत. एका दिवसाचा हिशेब असा झाला:

आंघोळ – ५० लिटर
भांडी – २० लिटर
भाजी व तांदूळ धुणे – ५ लिटर
एकूण – ७५ लिटर

हे सगळे पाणी मोरीतून गटारात जात होते. आमच्या कळशीत १० लिटर पाणी मावते. म्हणजे आई रोज साडेसात कळश्या पाणी आणत होती आणि ते एकदा वापरून गटारात जात होते!

आता आम्ही असे करतो. तांदळाचे धुवण शेळी पिते. भाजी धुतलेले पाणी घमेल्यात धरतो. त्यातच खरकटी भांडी पहिल्यांदा विसळतो आणि तेच पाणी अळवाला घालतो. झाली की नाही एकाच पाण्याची तीन कामे? मोरीपासून परसातल्या शेवग्यापर्यंत बाबांनी चर खणला. मध्ये एक खड्डा करून त्यात दगडगोटे व वाळू भरली. गाळ तिथे अडतो आणि पाणी शेवग्याला जाते. पाणी साचू द्यायचे नाही, नाहीतर डास होतात.

माझी एक चूकही झाली. धुण्याच्या सोड्याचे पाणी मी शहाणपणाने तुळशीला घातले. चार दिवसांत तुळस करपली. आजी खूप रागावली. गुरुजी म्हणाले, सोड्याच्या खाराने मुळे खराब होतात. म्हणून आता ते पाणी मी अंगणात सडा मारायला आणि संडासात टाकायला वापरते. कोणते पाणी कुठे घालायचे, हे आधी मोठ्यांना विचारावे.

मित्रांनो, शाळा सुटताना आपण बाटलीतले उरलेले पाणी मैदानात ओतून देतो. सोमवारी मी आमच्या वर्गातले ते पाणी बादलीत गोळा केले. ते ६ लिटर भरले. शाळेच्या कुंपणाजवळ कडुलिंबाची चार रोपे आहेत. रोज दोन रोपांना ते पुरते.

पालकांना माझी नम्र विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते, ते एकदा बघा. आमचा शेवगा यंदा उन्हाळ्यातही हिरवा राहिला. त्याच्या शेंगांची आमटी आम्ही दोनदा खाल्ली.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी