बर्फातल्या ईस्टरला निघालेल्या भाचीस

उत्तन, भाईंदर (प.)
1 मार्च 2026

चि. बाय हिस,


तुझा व्हिसा आला, तिकीट निघालं आणि झावळ्यांच्या रविवारच्या आधी तू दादाकडे कॅलगरीला पोचतेस, असं तुझ्या आईनं कळवलं. फार बरं वाटलं. सध्या तुझ्या तोंडी बर्फ आणि बॅन्फ याशिवाय विषय नाही, असंही ती म्हणाली. तुझ्या वयाला ते शोभतंच. रॉकी पर्वत दादाच्या गावापासून जवळ आहे, एक दिवस काढून जरूर बघून ये. पण तू जातेस ती पवित्र आठवड्याच्या तोंडावर, आणि जातेस ती आपल्या माणसांच्या घरी. म्हणून बॅग भरण्याआधी हे पत्र नीट वाच.

आपल्या उत्तनला सण करावा लागत नाही, तो होतो. राखेच्या बुधवारपासून गाव बदलतं. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेला कुणी ना कुणी हाक मारून नेतंच. झावळ्या शेजारच्या वाडीतून येतात. गुरुवारच्या मिस्सेत घंटा मुक्या होतात, त्या शनिवारी रात्री पुन्हा वाजेपर्यंत लहान पोरालाही कळतं की हे दिवस वेगळे आहेत. आपण नुसतं गावाबरोबर चालायचं.

तिथे तसं नाही. गुड फ्रायडेची सुट्टी असते, पण ईस्टरनंतरच्या सोमवारी बरेच जण कामावर. वहिनीची हॉस्पिटलातली ड्यूटी सण पाहून लागत नाही. रस्त्यावर चाहूल नाही, दुकानात चॉकलेटची अंडी आणि ससे तेवढे. बाहेर कदाचित पांढरं शुभ्र असेल, कारण तिकडे मार्च-एप्रिलातही भरपूर बर्फ पडतो. अशा ठिकाणी सण घरातल्या दोन-तीन माणसांनाच उभा करावा लागतो, तोही कामावरून दमून आल्यावर. तू तिथे तिसरं माणूस म्हणून जा, पाहुणी म्हणून जाऊ नकोस. मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचं सगळं त्याचाच तपशील आहे.

असा घरातच सण उभा करणं आपल्या लोकांना नवं नाही. 1739 मध्ये आपल्या उत्तनजवळचा धारावीचा किल्ला पडला आणि त्याच साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, त्यांच्यामागोमाग बहुतेक युरोपियन पाद्रीही गेले. मागे राहिले ते मोजके देशी धर्मगुरू, आणि त्यांच्या वाट्याला कितीतरी गावं. तेव्हाही आपल्या पूर्वजांनी उपवासकाळ पाळला, सण केले, मुलांना प्रार्थना शिकवल्या. तो भार आयाबायांनी घरात उचलला नसता तर आज डोंगरी-उत्तनला घंटा वाजल्या नसत्या. दादा आणि वहिनी आज तेच करताहेत, फक्त वेगळ्या हवेत.

आता कामाच्या गोष्टी. कपडे एकावर एक घाल. एकच जाडजूड कोट घालून भागत नाही, कारण घरात गरम असतं आणि बाहेर गोठवणारं. बुटांचा तळ खडबडीत हवा. ताज्या बर्फाची भीती नाही. वितळून रात्रीत पुन्हा गोठलेला पातळ थर डांबरी रस्त्यावर दिसतच नाही, त्याला जप. तिथे छोटी पावलं टाक, हात खिशात घालू नकोस. हवा कोरडी आहे, समुद्रकाठच्या माणसाचे ओठ आणि नाक दोन दिवसांत फुटतात. तहान नसली तरी पाणी पी. पर्वतावरून चिनूक नावाचा उबदार वारा सुटला की काही तासांत बर्फ वितळू लागतो. त्या दिवशी ऊन पाहून कोट घरी ठेवायचा मोह होईल, ठेवू नकोस.

बर्फ थांबल्यापासून 24 तासांत घरासमोरचा पदपथ मोकळा करायचा, असा त्या शहराचा नियम आहे. ते काम तू अंगावर घे. दादा कामाला निघायच्या आधी फावडं घेऊन बाहेर उभी राहा. वाकून उचलण्यापेक्षा ढकलत ने, पाठ धरणार नाही. तिकडे घरकामाला बाई नसते. भांडी, कपडे, त्यांच्या पोरीचा डबा, सगळं त्या दोघांवर. त्यातलं एक काम पहिल्याच दिवशी न विचारता आपलं कर.

आई बाटली मसाला आणि सुका जवळा देईल. नीट बांधून ने, आणि विमानतळावर खाण्याच्या वस्तू विचारल्या की एकही लपवू नकोस. तिकडच्या घरांच्या खिडक्या थंडीत बंद असतात. फोडणी करपली की धुराची घंटा घरभर ओरडते. आधी पंखा लाव, मग कढई ठेव. ईस्टरच्या सकाळी फुगे कर. इथे एप्रिलच्या उकाड्यात पीठ लगेच फुगतं, तिथे ओट्यावर ते तसंच बसून राहील. ताडीही मिळणार नाही. यीस्ट घालून पातेलं ओव्हनमध्ये ठेव, ओव्हन न पेटवता नुसता त्यातला दिवा लाव. तेवढी ऊब पुरते. मार्झिपानचे साचे माझ्याकडून घेऊन जा.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीच्या जागरणाचा कंटाळा करू नकोस. मी दादाकडे गेले होते तेव्हा चर्चच्या पायऱ्यांसमोर लोखंडी पिंपात अग्नी पेटवला होता. भोवतीचा बर्फ वितळून फरशीचा एक ओला काळा गोल उघडा पडला होता, आणि त्या गोलाच्या कडेला माणसं दाटीनं उभी. फादरांनी पास्काची मेणबत्ती पेटवली, तिच्यावरून आमच्या मेणबत्त्या पेटल्या. जाड हातमोज्यात ती बारीक मेणबत्ती धरता येईना म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं आपला मोजा काढून उघड्या हातानं माझी धरली. आपल्याकडे त्या रात्री घाम पुसत उभं राहावं लागतं. पण खरं सांगते, अंधारातून प्रकाश येतो म्हणजे काय, ते मला त्या थंडीत अधिक कळलं. झाडाला एक पान नव्हतं, आणि लोक पुनरुत्थानाचं गाणं गात होते. वसंत दिसल्यावर आनंद कुणीही करेल. दिसायच्या आधी करायला श्रद्धा लागते.

दादाला पगार विचारू नकोस, डॉलरचे रुपये करत दुकानात फिरू नकोस. आजीच्या मयताला त्याला येता आलं नाही. तो विषय तू काढू नकोस, पण त्यानं काढला तर हातातलं काम ठेवून ऐक. 'आला नाहीस' हे शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नकोस. कबरीवर आम्ही दर 2 नोव्हेंबरला त्याच्या नावानंही मेणबत्ती लावतो, एवढं त्याला सांग.

आणि त्याची छोकरी. तिला ईस्टर म्हणजे ससा आणि चॉकलेट, म्हणून नाक मुरडू नकोस. तिच्याबरोबर अंडी रंगव. रंगवताना आपल्या बोलीत तिला सांग की रविवारी पहाटे बाया कबरीकडे का गेल्या आणि तिथे त्यांना काय दिसलं. तिला सगळं कळलं नाही तरी चालेल, तुझा आवाज लक्षात राहील. तुला या गोष्टी मी सांगितल्या. आता आत्या तू आहेस.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी तिकडचे सकाळचे साडेअकरा वाजले की आईला फोन कर. इथे तेव्हा रात्रीचे अकरा असतील. दादालाही फोनवर घे, त्याला गावचा आवाज ऐकू दे.

परत आलीस की फोटो सावकाश दाखव. आधी मला सांग, तुझ्यामुळे त्या घरातलं कोणतं काम हलकं झालं.

तुझी,
आत्या