घाम, धडधड आणि हृदय

प्रश्न : वय ४९, काचीगुडा, हैदराबाद. पाळी जाऊन वर्ष झालं. रात्री घामाने उशी भिजते, छाती धडधडते. ईसीजी नॉर्मल आहे. ‘वयाचंच आहे’ म्हणून सोडून द्यावं का? हार्मोन घ्यावेत का?

उत्तर : ताई, सोडून मुळीच देऊ नका. घाम म्हणजे हृदयविकार नव्हे. पण अमेरिकेतल्या ‘स्वान’ अभ्यासात, ज्यांना असे घामाचे झटके वारंवार येत राहिले त्यांच्यात पुढे हृदयविकार जास्त आढळला. पाळी जाताना वाईट कोलेस्टेरॉल चढतं, पोटाचा घेर वाढतो. ईसीजीत हे दिसत नाही. रक्तदाब, लिपिड, एचबीए१सी (साखरेची तपासणी) करून घ्या. धडधडीसाठी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही. गरोदरपणी बीपी किंवा साखर वाढली होती का, हेही हृदयासाठी महत्त्वाचं; ते डॉक्टरांना आपणहून सांगा. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

रक्तदाब सांभाळायला मीठही मोजा. तुमच्या हैदराबादेतल्या तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत मिठाचा, म्हणजे जेमतेम एक चमचा. आवकाय लोणचं, पापड त्यातच मोजा.

निव्वळ हृदय जपायला हार्मोन घेऊ नयेत, हे २००२च्या मोठ्या अमेरिकी चाचणीनंतर पक्कं झालं. घामाने झोपच उडत असेल, तर साठीच्या आत, स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास नसताना, स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोला. मात्र चालताना दम लागून घाम फुटला, जबडा किंवा पाठ दुखली, तर थेट १०८ला फोन करा.